आजारी गुलमोहर : निदान आणि उपचार

बंगळूरच्या उत्तरेस वसलेले येलहंका हे केंपेगौडाच्या घराण्याचे मूळ ठाणे होय. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंची, तांबडी माती आणि दोन्ही मोसमी वाऱ्यांकडून मिळणारा पाऊस यांमुळे दूरदेशीचे शोभिवंत वृक्षही या परिसरात सहज रुजले. गुलमोहर मादागास्करचा, जॅकरंडा दक्षिण अमेरिकेतील. बंगळूरच्या रस्त्यांवर असे वृक्ष हेतुपूर्वक लावण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात क्रुंबिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाकडे जाते. बडोद्याच्या गायकवाडांची उद्याने सांभाळून तो १९०८ साली म्हैसूर संस्थानाच्या सेवेत आला आणि १९३२ पर्यंत राहिला. एका जातीचा बहर ओसरताच दुसरीचा सुरू व्हावा, अशी योजना त्याने केली होती.

येलहंक्यातील एखाद्या अंगणातला असा गुलमोहर विचारार्थ घेऊ. घर बांधले तेव्हा लावलेला, आता चाळीस वर्षांचा. दोन वर्षे शेंड्याकडील फांद्या वाळत आहेत. मे महिन्यात एका बाजूस फुले आली, दुसरी बाजू उघडीच राहिली. शेजारी म्हणतात, खत घाला. गवंडी म्हणतो, पोकळीत सिमेंट भरा. घरातील वडीलधाऱ्यांना ते झाड तोडवत नाही, आणि त्याच्या सावलीत मुले खेळतात म्हणून तसेच ठेवण्याचीही भीती वाटते. श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग आला असेल.

आजाराची लक्षणे आपल्या पूर्वजांनी बारकाईने पाहिली होती. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक अध्याय आहे. पाने पांढुरकी होणे, कोवळे कोंब न वाढणे, फांद्या वाळणे आणि रस पाझरणे ही रुग्ण वृक्षाची चिन्हे त्यात सांगितली आहेत. रोगट भाग शस्त्राने काढून त्यावर वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, असा उपायही आहे. लेपाविषयी आज मतभेद होतील; लक्षणांची यादी मात्र जशीच्या तशी उपयोगी पडते.

प्रथम झाड खरोखर आजारी आहे काय, हे पाहावे. उन्हाळ्याच्या तोंडी गुलमोहर निष्पर्ण होतो, तो त्याचा स्वभाव आहे. फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडा दिसला तर मेलेली. टोकापासून खाली येत जिवंत भाग कोठे सुरू होतो, तेथे खूण करावी.

यानंतर बहुतेक लोक पाने न्याहाळू लागतात. वास्तविक नजर जमिनीकडे वळविली पाहिजे. निरोगी वृक्षाचे खोड जमिनीशी टेकताना रुंदावते. ते जर टेलिफोनच्या खांबासारखे सरळ मातीत शिरत असेल, तर बुंध्याभोवती भराव पडला आहे, असे समजावे. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे वरच्या अर्ध्या मीटरच्या थरातच बहुसंख्येने असतात आणि पर्णसंभाराच्या कडेपलीकडेही पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. म्हणून वृक्षापेक्षा घरच्या माणसांचीच अधिक चौकशी करावी लागते. अंगणात फरशी कधी बसविली? नळासाठी चर कोणत्या बाजूने खणला? कुंपणाची भिंत केव्हा झाली? मूळ तुटते त्या वर्षी झाड काही बोलत नाही. साठविलेल्या अन्नावर ते दोन-तीन वर्षे काढते आणि मग वाळते. तोवर चर बुजलेला असतो आणि दोष हवामानाला दिला जातो. वाळलेली बाजू आणि खणलेली बाजू एकच निघाली, तर निदानाचे मोठे काम उरकले.

कीड ओळखणे त्या मानाने सोपे. फांद्यांच्या बेचक्यात भुशाची आणि विष्ठेची जाळी लोंबत असेल, तर ती साल खाणाऱ्या अळीची होय. जाळी झाडून छिद्रात तार घालावी, रॉकेलचा बोळा कोंबून वर माती लिंपावी. वाळवीचे नाव काढताच लोक घाबरतात. परंतु सालीवरची तिची मातीची पुटे पुष्कळदा मृत सालीपुरतीच असतात. २०१८ साली तेलंगणातील महबूबनगरच्या प्राचीन वटवृक्षास वाळवीसाठी सलाइनच्या बाटल्यांतून कीटकनाशक देण्यात आले. ती छायाचित्रे पाहून प्रत्येक झाडाला बाटली टांगण्याची हौस बरी नव्हे.

बुंध्याशी लालसर, लाखेने रंगविल्यासारखे चकचकीत अळंबे उगवले असेल, तर मात्र प्रश्न गंभीर होतो. बाहेर दिसते ते केवळ फळ. कवकाचे तंतू आतले लाकूड आधीच कुजवीत असतात. यावर औषध नाही. लाकडी हातोडीने खोड ठोकावे. पोकळ नाद येतो का, बुंध्याजवळ जमीन भेगाळली आहे का, झाड नव्याने कलले आहे का, हे पाहावे. गुलमोहराची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ, त्यामुळे वळवाच्या वादळात तो सहज कोसळतो. अशी चिन्हे एकत्र दिसली, तर मुलांना सावलीतून त्याच दिवशी हलवावे आणि १९७६ च्या कर्नाटक वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्षाधिकाऱ्याची परवानगी मागावी.

ती चिन्हे नसतील, तर उपचार साधा आहे, परंतु त्यास धीर लागतो. बुंध्याभोवतीचा भराव हाताने, मुळे न दुखविता काढावा. फरशी जितकी उखडता येईल तितकी उखडावी. घरातील खरा वाद येथेच होतो. पालापाचोळ्याचा चार बोटे थर खोडापासून वीतभर अंतर सोडून पसरावा. पाणी बुंध्याशी न ओतता पर्णसंभाराच्या कडेखाली, सावकाश आणि खोलवर मुरेल असे द्यावे. रासायनिक खताचा मारा करू नये. तुटक्या मुळांना ते झेपत नाही.

मेलेली फांदी कापताना खोडालगत सपाट कापू नये. फांदीच्या तळाशी फुगीर कडे असते, ते राखून त्याच्या बाहेर काप घ्यावा. अमेरिकी वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो याने हजारो खोडे उभी चिरून दाखवून दिले की, वृक्षाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. वृक्ष कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारतो आणि बाहेर नवे लाकूड घालतो. पोकळी खरवडून सिमेंट भरणारा या भिंतीच फोडतो. डांबर फासण्यानेही कूज थांबत नाही.

कोलकत्याजवळच्या वनस्पती उद्यानातील महावटाचे मूळ खोड कवकाने पोखरले, म्हणून १९२५ साली काढून टाकावे लागले. पारंब्यांवर तो आजही उभा आहे. गुलमोहराला पारंब्या नाहीत. त्याच्यासाठी पावसाळ्यापूर्वी चारही दिशांच्या काही जिवंत फांद्यांना टोकापाशी सैल सुतळी बांधून ठेवावी आणि पावसाळा संपताच सुतळीपुढे किती नवे लाकूड आले, ते मोजावे. चर खणलेल्या बाजूचे माप सर्वांत आधी घ्यावे.