स्वागताध्यक्षांचे भाषण



समस्त गडमुडशिंगीकरांच्या वतीने या परिषदेत आपलं स्वागत. विमानानं आलेल्यांना आमचं शिवार वरूनच दिसलं असेल. त्या विमानतळासाठी या गावानं जमीन दिली आहे. शेजारी वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते गेल्यावर तिथं सिंधी बांधव आले आणि गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. तेव्हा पाहुणे सांभाळायची सवय या पट्ट्याला जुनी आहे.

परिषदेचा विषय चेतनेचा आहे, सिनेमावर घसरू नका, असं सचिवांनी बजावलं होतं. पण करवीर तालुक्यातल्या माणसाच्या हाती माईक दिल्यावर दुसरं काय होणार? बाबूराव पेंटर सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांचे चुलतबंधू आनंदराव मात्र विस्मरणात गेले. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता दोघांना देशी कॅमेऱ्याचं वेड लागलं. आनंदराव 1916 साली गेले; कॅमेरा बाबूरावांनी पुरा केला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ आला. म्हणून मी प्रत्येक भाषणात आनंदरावांचं नाव घेतो, लोक कंटाळले तरी.

बाबूरावांच्याच तालमीतल्या मंडळींनी 1929 साली कोल्हापुरात ‘प्रभात’ काढली. त्यांचा 1932 चा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत झाला आणि हिंदीतही. दुर्गाबाई खोट्यांनी तारामतीचं दुःख दोन्ही भाषांत साकारलं. आता सांगा, ती दुःखं किती? आपण म्हणाल, नटीचा अभिनय तो, आणि दोन वेळा तंतोतंत एकसारखाही नसणार. मान्य. पण निक बॉस्ट्रम या तत्त्वज्ञांनी 2006 साली नेमका तंतोतंतपणाचाच पेच मांडला. एकाच मेंदूची हुबेहूब नक्कल दुसरीकडे चालवली, तर अनुभव एक की दोन? त्यांचं उत्तर, दोन. आपण या परिषदेत त्याहून पुढं जाऊन विचारता, की यंत्रं वेगळी, गणिताची रीत वेगळी, पण जाणीव कणभरही वेगळी नाही, तर काय?

माझ्या अडाणी मते तरीही दोनच. एक म्हणावं, तर हजार यंत्रांवर तीच वेदना चालवणाऱ्याला पाप एकदाच लागेल. हा हिशेब आमच्या सेवा सोसायटीच्या सभेतसुद्धा मंजूर होणार नाही. बाकी आपण जाणते आहात.

आता व्यवस्थेचं. निवास शाळेच्या वर्गांत आहे, गाद्या पातळ आहेत, गरम पाण्याला सकाळी रांग लागेल. क्षमा असावी. मंडप ज्यांनी दिला त्यांनी नाव घेऊ नका म्हणून बजावलंय, त्यामुळं त्यांच्याकडे नुसतं बघून हात जोडतो. तांदूळ, गूळ, दूध घरोघरच्या माउलींनी पाठवलं. भाकऱ्या महिला बचत गटांच्या. सतरंज्या कापड व्यापाऱ्यांच्या. वाढपी तालमीतले, तेव्हा ‘पुरे’ जरा मोठ्यानं म्हणावं. तांबडा-पांढरा रस्सा न चालणाऱ्यांसाठी आमटीची पंगत डाव्या बाजूला आहे. वीज गेलीच, तर जनरेटर सुरू होईपर्यंत वक्त्यांनी थांबू नये, आवाज चढवावा.

आणि वाहनं कृपया उसाच्या बांधावर लावू नयेत, मालक सकाळपासून दोनदा येऊन गेलेत.