दुःखानंतरचें पहिलें वर्ष

मरण आलेल्या घरीं समाचारास जाणाऱ्या माणसांचीं वाक्यें बहुधा ठरलेलीं असतात. ईश्वरेच्छेपुढें इलाज नाहीं. काळ हेंच यावर औषध. आतां मुलांकडे पाहून दिवस काढावयाचे. बोलणाराच्या मनांत खरा कळवळा असतो, ऐकणाराही मान हालवितो, आणि मंडळी उठून गेल्यावर घर पूर्वीइतकेंच रिकामें राहतें. या वाक्यांत खोटें असें कांहीं नसतें. उणीव असते ती एवढीच, कीं उद्यां सकाळीं उठून काय करावयाचें हें त्यांत सांगितलेलें नसतें. आणि ज्याच्यावर आकाश कोसळलें आहे त्याला खरी भीति उद्यांच्या सकाळचीच वाटत असते.

या दृष्टीनें रमाबाई रानडे यांचें चरित्र पुन्हां एकदां पाहण्याजोगें आहे. महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत त्यांचें नांव अपरिचित नाहीं. रात्रीं पतीजवळ बसून पाटीवर अक्षरें गिरविणारी अकरा वर्षांची मुलगी सर्वांच्या ओळखीची आहे. २०१२ सालीं सुरू झालेल्या ‘उंच माझा झोका’ या दूरचित्रवाणीवरील मालिकेनें तर ती नव्या पिढीच्याही घरोघर पोंचविली. परंतु पाटी घेऊन बसलेल्या त्या मुलीकडे लोकांचें जितकें लक्ष जातें, तितकें १९०१ सालच्या विधवेकडे जात नाहीं. वास्तविक रमाबाईंच्या आयुष्याचीं शेवटचीं तेवीस वर्षें न्यायमूर्तींवांचून गेलीं, आणि ज्यांना आज धीराचा शोध आहे त्यांच्या उपयोगीं पडणारा भाग तोच आहे.

न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजीं मुंबईस वारले. त्यांस ५९ वर्षें पुरीं होण्यास दोनच दिवस उरले होते. रमाबाईंना ३९ वें वर्ष चालू होतें. पोटीं मूलबाळ नव्हतें. सत्तावीस वर्षें ज्या माणसाच्या दिनक्रमाभोंवतीं स्वतःचा सारा दिनक्रम गुंफलेला, तो माणूस गेला होता. सकाळीं त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवावयाचें नव्हतें. त्याच्या पथ्यपाण्याची काळजी करावयाची नव्हती. सायंकाळीं त्याची वाट पाहावयाची नव्हती. दुःखाच्या मोठमोठ्या वर्णनांतून ही गोष्ट निसटते, कीं वियोग हा प्रथम दिवसाच्या घड्याळांत पडलेला खड्डा असतो.

त्यांत त्या काळचें वैधव्य! लग्न, मुंज, हळदीकुंकू, डोहाळेजेवण, जेथें जेथें चार बायका हंसतमुखानें जमतात तेथें तेथें विधवेचें दर्शन अशुभ. केवळ सहचर नाहींसा होत नसे, तर एका दिवसांत सारा शेजार पाठ फिरवीत असे. रानड्यांच्या पत्नीला प्रतिष्ठेचें थोडें संरक्षण असेल. पण रूढीच्या त्या भिंतीला दार नव्हतें. शिवाय काळही वाईट होता. १८९७ पासून पुण्यांत प्लेग ठाण मांडून बसला होता, आणि १८९९-१९०० चा दुष्काळ नुकताच ओसरत होता.

मुंबईचें बिऱ्हाड आटोपून रमाबाई पुण्यास आपल्या जुन्या वाड्यांत येऊन राहिल्या. ज्या मंडईला आज महात्मा फुले यांचें नांव आहे, तिच्या जवळच तो वाडा होता. सुमारें एक वर्ष त्या सार्वजनिक कामाकडे फिरकल्या नाहींत. चरित्रकार हें वर्ष एका वाक्यांत आटोपतात, आणि तें स्वाभाविक आहे. ज्या वर्षीं कांहीं घडलें नाहीं त्याविषयीं लिहावयाचें तरी काय? तरीपण त्या वर्षाजवळ थोडें थांबणें योग्य होईल. दुःखी माणसानें लौकर डोळे पुसून कामाला लागावें, असा उपदेश फार होतो. तो करणारांना दुःखितापेक्षां त्याच्या दुःखाचाच अधिक कंटाळा आलेला असतो, असें कधीं कधीं वाटतें. रमाबाईंनीं घाई केली नाहीं. पेरणी झाल्यावर दुसऱ्या दिवशीं माती उकरून कोंब आला काय हें कोणी पाहात नाहीं.

पण पेरणी मात्र झालेली असावी लागते, आणि रमाबाईंच्या बाबतींत ती सत्तावीस वर्षें चालली होती. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची ही मुलगी १८७३ सालीं लग्न होऊन पुण्यास आली तेव्हां तिला अक्षर येत नव्हतें. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनीं पहिली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या हट्टापुढें मान वांकवून, अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं लग्न केलें, याबद्दल त्यांना लोकांनीं दोष दिला. तो दोष खोटा नव्हता. परंतु त्यांनीं लगेच तिच्या हातीं पाटी दिली, हेंही तितकेंच खरें. दिवसा घरांतील वडील बायका टोंचून बोलत. रात्रीं धडे चालत. मराठीच्या पाठोपाठ इंग्रजी आली, आणि इंग्रजीबरोबर टोमण्यांनाही धार आली. रानड्यांनीं त्या बायकांना कधीं दुखविलें नाहीं आणि शिकविणेंही कधीं थांबविलें नाहीं. बोलणें निमूटपणें ऐकून घ्यावें व आपलें काम सोडूं नये, एवढाच त्यांचा पत्नीला उपदेश असे. हा उपदेश करणें सोपें होतें. कारण दिवसभर ते कचेरींत असत आणि रमाबाई स्वयंपाकघरांत. तरीही ती मुलगी चिकटून राहिली.

पुढें १८८६ सालीं रानडे सरकारी कामासाठीं कलकत्त्यास गेले, तेव्हां तेथें राहावयाचें तर तेथील भाषा यावयास हवी म्हणून त्यांनीं बंगाली शिकावयास घेतली. हजामतीस येणाऱ्या न्हाव्याकडून ते अडलेले शब्द विचारून घेत, आणि शिकलेलें पत्नीला शिकवीत. उच्च न्यायालयाच्या खुर्चीवर पुढें बसलेल्या माणसाला न्हाव्याजवळ शिकण्यांत कमीपणा वाटला नाहीं, हें रमाबाईंनीं जवळून पाहिलें. अशा गोष्टी घडत असतांना त्यांचें मोल कळत नाहीं. त्या बरणींतील मुरंब्यासारख्या असतात. घरांत आजारी पडलेल्या माणसाची जीभ कडू झाली म्हणजे त्यांची आठवण होते.

वर्ष संपल्यावर रमाबाई घराबाहेर पडल्या, त्या कोठें गेल्या हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्या येरवड्याच्या तुरुंगांत जाऊं लागल्या. तेथील स्त्री-कैद्यांजवळ बसावें, त्यांना चार गोष्टी सांगाव्या, त्यांच्या मनांत स्वतःविषयीं थोडा आदर जागा करावा, असा तो उद्योग होता. बालगुन्हेगारांसाठीं असलेल्या सुधारगृहांत त्या मुलांशीं बोलावयास जात. सणावारीं त्यांना मिठाई वाटीत. इस्पितळांतील रोग्यांना फळें, फुलें व पुस्तकें नेऊन देत. हीं ठिकाणें त्यांनीं कां निवडलीं असतील? दयाबुद्धि हें उत्तर आहेच. पण आणखीही एक कारण संभवतें. लग्नघरीं विधवा नको असे. हळदीकुंकवाला नको असे. तुरुंगांतल्या बाईला आणि खाटेवरच्या रोग्याला, आलेल्या बाईच्या कपाळावर कुंकू आहे कीं नाहीं, याची काय पर्वा? समाजानें शुभ घरांचीं दारें लावून घेतलीं, तेव्हां ज्या घरांवर अशुभाचा शिक्का पूर्वींच बसला होता तीं उघडीं होतीं. तेथें रमाबाईंची गरज होती, आणि ‘आपली कोठें तरी गरज आहे’ एवढी जाणीव माणसाला दुसऱ्या दिवशीं सकाळीं अंथरुणांतून उठविण्यास पुरेशी होते. तुरुंगांत जावयाचा वार ठरला, कीं आठवड्याला पुन्हां आकार येतो.

यानंतर मुंबईंत भरलेल्या पहिल्या भारत महिला परिषदेंत त्यांनीं पुढाकार घेतला. १९०८ सालीं बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनीं मुंबईस सेवासदन काढलें, त्याचें अध्यक्षपद रमाबाईंकडे आलें; आणि १९०९ सालीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्यानें पुणें सेवासदन सुरू झालें. ज्या वाड्यांत त्यांनीं एकांताचें तें वर्ष काढलें होतें, त्याच वाड्यांत आतां बायकांचे वर्ग भरूं लागले. येणाऱ्यांत कित्येक विधवा होत्या. त्यांना तेथें वाचावयास, लिहावयास, शिवावयास शिकवीत; पुढें शिक्षिका व परिचारिका तयार करण्याचेंही काम संस्थेनें हातीं घेतलें. परक्या रोग्याच्या अंगाला हात लावावयाचा, वाटेल त्या जातीच्या माणसाची मलमपट्टी करावयाची, हें काम पांढरपेशा घरांतील बाईनें करावें ही कल्पनाच त्या वेळीं कित्येकांना ओंगळ वाटे.

संस्थेच्या एका वार्षिक समारंभांतील हकीकत प्रसिद्ध आहे. केशवपन केलेली, डोक्यावरून पदर ओढून घेतलेली एक तरुण विधवा बक्षीस घेण्यास पुढें आली, तेव्हां जमलेल्या विद्यार्थ्यांनीं हुर्यो केली. रमाबाई समारोपास उठल्या आणि त्यांनीं त्या मुलांना चांगलेंच फैलावर घेतलें. कॉलेजांत शिकूनही तुम्हांला सुशिक्षित कसें म्हणावें, असें त्यांनीं विचारलें. आणि बहीण, आत्या, चुलती, किंबहुना आईसुद्धां विधवा झालेली नाहीं असें घर तुमच्यापैकीं कोणाचें आहे, असाही प्रश्न केला. ज्या बाईनें तरुणपणीं घरांतील टोमण्यांना एका शब्दानें उत्तर दिलें नव्हतें, तीच ही बाई. स्वतःसाठीं जो कठोरपणा तिनें कधीं वापरला नाहीं, तो दुसऱ्या एका मुलीसाठीं तिनें त्या दिवशीं भर सभेंत वापरला.

याच सुमारास, म्हणजे १९१० सालीं, ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें त्यांचें पुस्तक गोखल्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालें. पतीच्या मृत्यूला तेव्हां नऊ वर्षें झालीं होतीं. तें शोककाव्य होईल अशी कोणाचीही अपेक्षा असती. परंतु त्यांत घरांतलीं भांडणें आहेत, प्रवास आहेत, गमती आहेत, आंब्याच्या एक-दोन फोडी खाऊन बाकीच्या बाजूला सारणारे रानडे आहेत. गेलेल्या माणसाची आठवण घरभर पसरलेली असते तोंवर पावलोपावलीं ठेंच लागते. लिहून काढलें म्हणजे तिला एक जागा मिळते. नित्याचें काम आणि ही आठवण, दोहोंपैकीं एकच असती तर कदाचित् निभावलें नसतें; नुसतें काम कोरडें पडलें असतें आणि नुसती आठवण मागें ओढीत राहिली असती.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे, आणि तो टाळूं नये. रमाबाईंना नांव होतें, वाडा होता, देवधरांसारखे साह्यकर्ते होते. ज्या बाईजवळ यांतील कांहींच नाहीं, तिनें काय करावें? याला पार्वतीबाई आठवले यांचें उदाहरण जवळचें आहे. त्या धोंडो केशव कर्व्यांच्या मेहुणी. विसाव्या वर्षीं वैधव्य आलें, पदरीं एक मुलगा, आणि अक्षरओळख नाहीं. शिक्षणाला त्यांनीं आरंभ केला तोच पंचविशी उलटल्यावर. कर्व्यांनीं १८९६ सालीं स्थापिलेल्या अनाथबालिकाश्रमांत त्यांनीं काम केलें, शिकविलें, आणि आश्रमासाठीं गांवोगांव वर्गणी गोळा करीत फिरल्या. केशवपनाची चाल त्यांनीं पुढें स्वतःच्या विचारानें सोडली. १९१८ सालीं, इंग्रजी नीट येत नसतांना, त्या इंग्रजी शिकावयास व आश्रमासाठीं मदत मिळवावयास एकट्या अमेरिकेला गेल्या. रानड्यांसारखा शिक्षक त्यांना घरांत लाभला नव्हता. पेरणीही त्यांना स्वतःलाच, आणि दुःख आल्यावर, करावी लागली. त्यांचा मार्ग रमाबाईंपेक्षां पुष्कळ खडतर होता, यांत शंका नाहीं. तेव्हां नांव व वाडा यांमुळें रस्ता सोपा झाला हें कबूल केलेंच पाहिजे. चालणें मात्र दोघींनाही सुटलें नाहीं.

रमाबाईंचें चालणें पुढेंही थांबलें नाहीं. १९१३ सालीं गुजराथ-काठेवाडांत दुष्काळ पडला, तेव्हां त्या पीडितांच्या मदतीसाठीं तिकडे गेल्या. मुलींनाही सक्तीचें प्राथमिक शिक्षण मिळावें व स्त्रियांना मताधिकार असावा, यासाठीं त्या उतारवयांत झगडल्या. १९२४ सालीं त्या वारल्या त्या वेळीं पुणें सेवासदनांत हजारांवर स्त्रिया शिकत होत्या. शेवटच्या वर्षांत प्रकृति साथ देत नसतांही, आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेंत सेवासदनाच्या स्वयंसेविका निघाल्या, कीं रमाबाई त्यांच्याबरोबर निघत. पाऊस असो वा थंडी असो, वारकऱ्यांच्या त्या गर्दींत अडल्यानडलेल्या बायकांची विचारपूस करीत ही वृद्ध विधवा फिरतांना दिसे.