तळपायाचा काळा डाग
(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यान)

मघाशी आरतीला सगळे अनवाणी उभे होतात, तेव्हा खरं सांगते, माझं लक्ष तुमच्या पायांकडे होतं. त्वचारोगाच्या डॉक्टरची खोड, दुसरं काय!

मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. गोऱ्या लोकांत तो पुष्कळ दिसतो आणि तिथे त्याचा संबंध उन्हाशी असतो. आपल्याकडे तो विरळाच, म्हणून आपण निर्धास्त. पण आपल्यात होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली होतो. तिथे ऊन पोचत नाही आणि आपली नजरही. मग कुरूप समजून ब्लेडने तासलं जातं, पट्टी लावली जाते, महिने निघून जातात.

जमैकाचा गायक बॉब मार्ली तुमच्या मुलांना ठाऊक असेल. त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच कॅन्सर होता, आणि तो फुटबॉलची दुखापत वाटली होती. १९७७ साली निदान झालं. अंगठा कापायला त्याने नकार दिला. १९८१ साली तो गेला, वय अवघं ३६.

ठेचेचं साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकतं. जागेवरच राहणारी, रुंद होत जाणारी काळी रेघ वेगळी, त्यातून रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल तर लगेच दाखवा. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर बारीक रेघा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी. मोठेपणी एकाच नखावर नव्याने आली, तर तपासायची. तिळाचंही तसंच: वेडीवाकडी कड, एकाहून अधिक रंग, वाढता आकार, रक्त येणं. आणि हा रोग कधीकधी काळा नसतोच, गुलाबी, न भरणारी जखम असते. मधुमेहींनो, तुमच्या पायाची प्रत्येक जखम साखरेचीच असते असं नाही.

तीळ चुन्याने, ॲसिडने किंवा पार्लरमध्ये जाळू नका. जाळल्यावर तपासायला काही उरत नाही. ‘सुई लावली की पसरतो’ हे आपल्या घराघरातलं वाक्य चूक आहे. बायॉप्सीतूनच रोगाची खोली कळते आणि पुढचं सारं तिच्यावर ठरतं. खोली एक मिलिमीटरच्या आत असेल तर भोवतालची सुमारे एक सेंटीमीटर कातडी घेऊन केलेली शस्त्रक्रिया बहुतेकांना पुरते. जास्त खोल असेल तर जांघेतली किंवा काखेतली गाठ तपासतात. पसरलेल्या रोगावर आता इम्युनोथेरपी आहे. त्यामागच्या शोधाला २०१८चं नोबेल मिळालं. औषध महाग आहे आणि सगळ्यांना लागू पडत नाही, हेही सांगायला हवं.

आपल्या बडोद्याहून अहमदाबादचं गुजरात कॅन्सर इन्स्टिट्यूट जवळ, आणि परळचं टाटा तर नातेवाइकांमुळे सगळ्यांच्या माहितीचं. कुठेही गेलात तरी बायॉप्सीचा रिपोर्ट, काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, सोबत न्या. आयुष्मान कार्ड असेल तर उपचार सुरू होण्याआधीच त्याची चौकशी करा.

प्रसाद झाल्यावर मी मागच्या खोलीत बसणार आहे. आजी-आजोबांनी मोजे काढूनच यावं.