धातुशोधक यंत्रें आणि पुरलेलें धन

जमिनींत पुरलेल्या धनाची गोष्ट ज्यानें लहानपणीं ऐकली नाहीं असा मनुष्य विरळा. वाड्याच्या जोत्याखालीं पुरलेला मोहरांचा हंडा, त्यावर पहारा करणारा भुजंग, आणि डोळ्यांत अंजन घालून तो हंडा नेमका दाखविणारा पायाळू मनुष्य, हीं चित्रें आपणां सर्वांच्या परिचयाचीं आहेत. त्या पायाळूची जागा आतां एका यंत्रानें घेतली आहे. त्यास धातुशोधक, अथवा सर्वांच्या तोंडीं असलेल्या शब्दांत मेटल डिटेक्टर, असें म्हणतात.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त इंग्लंडांत स्थायिक झाला आहे. गेल्या दिवाळींत त्यानें मला दूरध्वनीवरून विचारलें, "गुरुजी, येथें सुटीच्या दिवशीं शेतांतून जुनीं नाणीं शोधीत फिरण्याचा छंद लोकांना फार आहे. मलाही यंत्र घ्यावयाचें आहे. तुम्ही इतिहास शिकविलात, तेव्हां तुम्हीच सांगा, कोणतें घेऊं?" मी विज्ञानाचा पंडित नव्हे, मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहें. परंतु विद्यार्थ्यानें प्रश्न विचारावा आणि मास्तरानें अभ्यास टाळावा, हें बरें नव्हे. म्हणून जें वाचलें व समजून घेतलें, तें आज आपणांपुढें ठेवितों.

या यंत्राचें मूळ तत्त्व फॅरडे यानें 1831 मध्यें दाखवून दिलें. दांड्याच्या टोंकास तांब्याच्या तारेचें चपटें वेटोळें असतें. त्यांतून सतत दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह वाहूं लागला, कीं भोंवतीं चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. खालीं धातूची वस्तु असेल, तर तिच्यांत भोंवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह उठतात. त्यांची चाहूल दुसरें वेटोळें घेतें आणि कानांत स्वर उमटतो. 1881 मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांत रुतलेली गोळी शोधण्यासाठीं टेलिफोनचा जनक बेल यानें असेंच एक उपकरण वापरलें. तें धातु ओळखीत होतें; पण अध्यक्ष ज्या बिछान्यावर निजले होते त्यांतील पोलादी तारांचाही त्यास अडथळा झाला, असें सांगतात. गोळी मिळाली नाहीं. धातु आहे हें यंत्र सांगतें. ती कोणती वस्तु आहे, हें सांगणें त्याच्या शक्तीबाहेरचें आहे. हा धडा पहिल्याच प्रयोगांत मिळाला होता.

आजच्या यंत्रांचे मुख्यतः तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग, ज्यास बाजारांत व्ही. एल. एफ. म्हणतात, तो एका ठराविक कंपनसंख्येवर चालतो. धातूकडून परत येणारा संदेश किंचित् विलंबानें येतो, आणि हा विलंब लोखंडाचा वेगळा, चांदीचा वेगळा, असा असतो. त्यावरून यंत्र खिळे वगळून नाण्याचा स्वर निराळा ऐकवूं शकतें. सेकंदास पांच-सहा हजार कंपनें असतील, तर चांदीच्या मोठ्या वस्तु खोलवर लागतात. वीस हजारांपुढें गेल्यास सोन्याचे बारीक कण चांगले लागतात. साधें नाणें वीत-दीड वीत खोलीपर्यंत कळतें. नवशिक्यास हें यंत्र सोयीचें व बेताच्या किमतीचें.

दुसरा वर्ग पल्स इंडक्शनचा. यांत प्रवाह सतत न देतां क्षणभर देऊन तोडतात, आणि मागाहून जमिनींतील प्रतिध्वनि कसा विरतो तें ऐकतात. लोहयुक्त माती व समुद्राचें खारें पाणी पहिल्या वर्गाच्या यंत्रास भ्रमांत पाडतात. या यंत्रास तीं फारशीं फसवीत नाहींत. ऑस्ट्रेलियांतील तांबड्या मातींत सोनें शोधणारे म्हणूनच याचा आश्रय करितात. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांतही लोहाचा अंश आहे, त्यामुळें येथेंही पहिल्या वर्गाचें साधें यंत्र उगाच कुरकुरत राहतें. परंतु पल्स यंत्रास खिळा कोणता आणि मोहर कोणती याचा विवेक फार थोडा. ज्यास प्रत्येक स्वर खणून पाहण्याची चिकाटी आहे, त्यानेंच तें घ्यावें.

तिसरा वर्ग एकाच वेळीं अनेक कंपनसंख्या वापरणारा. हा ओल्या वाळूंतही विवेक राखतो, आणि म्हणून महागही असतो. मात्र शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी यांचे स्वर इतके जवळ येतात, कीं सर्वांत महाग यंत्रही तेथें खात्री देत नाहीं. शिवाय वेटोळें मोठें असेल तर खोली वाढते, पण खिळ्यांच्या गर्दींत लहान वस्तु हरवते. लहान वेटोळ्याचें याच्या उलट.

येथवर यंत्रांची तुलना झाली. परंतु वाचतां वाचतां माझ्या असें ध्यानांत आलें, कीं या छंदांतील यशापयश यंत्राच्या किमतीवर ठरत नाहीं. 2009 मध्यें स्टॅफर्डशायर परगण्यांतील एका शेतांत अँग्लो-सॅक्सन काळांतील सोन्याचा जो प्रचंड ठेवा निघाला, तो शोधणाऱ्याचें यंत्र जुन्या सामानाच्या बाजारांत अवघ्या अडीच पौंडांस घेतलेलें होतें, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें.

त्याहून बोधप्रद हकीकत सफक परगण्यांतील हॉक्सन गांवची आहे. 1992 च्या नोव्हेंबरांत एरिक लॉज नांवाचे सेवानिवृत्त माळीबुवा एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधावयास निघाले. हातांतलें यंत्र निवृत्तीच्या वेळीं भेट मिळालेलें. स्वर उमटला, नाणीं निघालीं, चांदीचे चमचे निघाले. आणि माळीबुवांनीं खणणें थांबविलें! त्यांनीं अधिकाऱ्यांस कळविलें. दुसऱ्या दिवशीं पुरातत्त्वज्ञ आले. रोमन काळाच्या अखेरचीं जवळजवळ 15,000 नाणीं व अलंकार तेथें होते. परंतु त्याहून मोलाची गोष्ट ही, कीं कोणती वस्तु कोणत्या वस्तूशेजारीं ठेवली होती, पेटी केवढी होती, हें सर्व जागच्या जागीं पाहतां आलें. साडेसतरा लाख पौंडांचें पारितोषिक मिळालें, त्यांत शेतकऱ्यासही वांटा मिळाला. हातोडाही सांपडला, आणि तोही आतां ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

याच्या उलट, 2015 मध्यें हेरफर्डशायरांत लेमिन्स्टरजवळ दोघांना नवव्या शतकांतील ठेवा सांपडला. इंग्लंडांत 1996 च्या कायद्यानें असा ठेवा 14 दिवसांच्या आंत कळवावा लागतो. त्यांनीं तो लपविला व विकला. 2019 मध्यें न्यायालयानें त्यांस कारावास दिला. सुमारें 300 नाणीं असावींत असा अंदाज. त्या वेळीं हातीं लागलीं होतीं तीसच्या आसपास. त्यांतील कांहीं नाण्यांवर वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा चेओलवुल्फ यांची मैत्री दर्शविणारें चित्र आहे. ज्या चेओलवुल्फास बखरकारांनीं मूर्ख ठरविलें, त्याची साक्ष देणारीं तीं नाणीं. बाकीचीं काय सांगत होतीं, हें आतां कोण सांगणार?

श्रोतेहो, दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. मी चौथीच्या वर्गास शिवचरित्र शिकवीत असतां एका मुलानें तीन शिवराया आणून दिल्या. वडिलांना नांगरतांना मिळाल्या, म्हणाला. मला आनंद झाला. मीं त्या चिंचेनें घांसून लख्ख केल्या, वर्गांत फिरविल्या आणि शाळेच्या कपाटांत ठेवल्या. पुढें एक नाणकशास्त्राचे जाणकार गृहस्थ शाळेंत आले. त्यांनीं विचारलें, "कोणतें शेत? किती खोल? बरोबर मडकें होतें काय?" मजपाशीं उत्तर नव्हतें. शिवराई महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ पाडली जात असे. कोणती कोठली हें ठरविण्यास सांपडण्याची जागाच उपयोगी पडते. ते म्हणाले, "मास्तर, नाणीं राहिलीं, पण त्यांची जीभ गेली." तो मुलगा पुढें कोठें गेला, ठाऊक नाहीं. घांसलेल्या शिवराया मात्र अजून डोळ्यांपुढें चमकतात.

आपल्याकडे 1878 चा निखातनिधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा मिळाल्यास तो कलेक्टरांस लेखी कळविणें बंधनकारक आहे. तरीही 2025 च्या मार्चमध्यें मध्य प्रदेशांतील बऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या परिसरांत, मोगलांचें सोनें निघतें या वार्तेवरून लोकांनीं रात्रींच्या रात्रीं शेतें खणलीं. ज्याचें शेत, त्याच्या पिकाचा विचार कोणी केला?

माझ्या विद्यार्थ्यास मीं शेवटीं असें कळविलें: "बाळ, कोरड्या शेतासाठीं पहिल्या वर्गाचें साधें यंत्र घे, समुद्रकिनारीं जावयाचें असेल, तर तिसऱ्या वर्गाचें. त्याबरोबर एक वही व पेन्सिल घे. शेतकऱ्याची अनुज्ञा घेतल्याविना पाऊल टाकूं नकोस. संरक्षित स्थळीं तर यंत्र नेऊंच नकोस. मिळालेली वस्तु घांसूं नकोस. एकाहून अधिक नाणीं एके ठिकाणीं निघालीं, तर हात आवर आणि जाणत्यांस बोलाव." त्यावर तो हंसून म्हणाला, "गुरुजी, मीं यंत्र विचारलें, तुम्ही वही सांगितलीत." मीं म्हटलें, "तीन शिवरायांचें ऋण आहे, बाबा. तेवढें तूं फेड."