नाव उजवीकडे का जाईना?

आजचा भाग छोटा आहे. पायथनमध्ये, म्हणजे पायगेम वापरून, गेम लिहिताना चित्रं नीट उमटत नसतील तर काय बघायचं, ते सांगतो. आणि माझी एक चूकही सांगतो.

मी मोहन्यात राहतो. आमच्याकडे उल्हास नदीत जलपर्णी माजली की पाणी दिसेनासं होतं, नुसतं हिरवं मैदान. माझ्या आठवीतल्या मावसभावाने त्यावरच गेम लिहायला घेतला: नाव चालवायची आणि जलपर्णी गोळा करायची. शाळेच्या प्रदर्शनाला चार दिवस उरले तेव्हा तो लॅपटॉप घेऊन आला. "दादा, सगळंच बिघडलंय."

तीन गोष्टी बिघडल्या होत्या. नाव पुढे गेली की मागे नावांची रांग उरायची. नावेभोवती काळा चौकोन दिसायचा. आणि नाव डावीकडे जायची, पण उजवीकडे हलायचीच नाही.

मी काय केलं? लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि अर्ध्या तासात सगळं नव्याने लिहून दिलं. छान चाललं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "मस्त आहे. पण आता हा तुझा गेम झाला ना."

मला काही बोलताच येईना. मग त्याची जुनी फाइल परत उघडली. कीबोर्ड त्याच्याकडे दिला आणि ठरवलं, मी फक्त प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: नदीचं चित्र कधी काढतोस? "सुरुवातीला, एकदा." अरे, पाटी न पुसता वर लिहीत गेलं तर आधीचं राहणारच की! प्रत्येक फ्रेमला आधी नदी ब्लिट करायची, मग जलपर्णी, मग नाव, शेवटी गुण. सगळं काढून झालं की डिस्प्ले फ्लिप, एकदाच. हा क्रम चुकला तर नाव जलपर्णीखाली बुडते.

दुसरा: चित्र लोड केल्यावर काय करतोस? त्याने नुसतं कन्व्हर्ट लिहिलं होतं. त्यात पारदर्शकपणा जातो. पीएनजी पारदर्शक असेल तर कन्व्हर्ट अल्फा लिहायचं. आणि हे सगळं लूपच्या बाहेर, एकदाच. नाहीतर दर फ्रेमला डिस्कवरून चित्र वाचलं जातं आणि जुना लॅपटॉप रडतो.

तिसऱ्याला मात्र वेळ लागला. म्हटलं, प्रत्येक फ्रेमला नावेचा एक्स प्रिंट कर. वेग सेकंदाला ५० पिक्सेल, फ्रेम साधारण ०.०१६ सेकंदाची. म्हणजे एका फ्रेममध्ये ०.८ पिक्सेल. नाव १०० वर आहे. उजवीकडे गेली तर १००.८, डावीकडे ९९.२. पण रेक्ट फक्त पूर्णांक ठेवतो, दशांश कापून टाकतो. १००.८ चे झाले १००, नाव जागच्या जागी. ९९.२ चे झाले ९९, नाव सरकली!

तो दोन मिनिटं आकड्यांकडे बघत बसला आणि एकदम ओरडला, "दादा, ०.८ कुठेतरी जपून ठेवायला पाहिजे!" बस, हाच उपाय. खरी जागा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये दशांशासकट ठेवायची, आणि काढताना राउंड करून रेक्टला द्यायची. त्या ओळी त्यानेच टाइप केल्या.

प्रदर्शनात एका सरांनी विचारलं, "हे तूच केलंस का?" त्याने पाटीवर १००.८ लिहून त्यातले .८ पुसून दाखवले. मी मागे उभा होतो, गप्प.

तेव्हा मंडळी, चित्र बिघडलं की आधी तीन गोष्टी तपासा: काढायचा क्रम, कन्व्हर्ट अल्फा आणि हरवलेले दशांश. आणि गेम दुसऱ्याचा असेल तर हात खिशात ठेवा.

भेटू पुढच्या भागात.