धर्मानंद कोसंबी : बुद्धचरित्र आणि पार्श्वनाथांचा चातुर्याम धर्म

(कासुर्डी येथील व्याख्यानाचा गोषवारा)



जरा, व्याधी, मृत्यू आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले व मध्यरात्री पत्नी-पुत्रास निद्रिस्त सोडून तो निघून गेला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु पाली त्रिपिटकात ती चार दृश्ये सविस्तर आली आहेत ती विपस्सी या पूर्वबुद्धाच्या चरित्रात. ही गोष्ट मराठी वाचकांपुढे ठामपणे मांडली धर्मानंद कोसंबी यांनी.

१८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या धर्मानंदांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. ‘बालबोधमेवा’ या मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनाने ठाव घेतला. १८९९ मध्ये घर सोडून ते पुण्यास आले. तेथे डॉ. भांडारकरांचे मार्गदर्शन घेऊन ते काशी, नेपाळ व पुढे सिंहलद्वीप येथे गेले आणि मूळ पाली ग्रंथांचे अध्ययन केले. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली.

‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी गृहत्यागाचे कारण निराळे दाखविले. शाक्य आणि कोलिय यांच्या सीमेवर रोहिणी नदी होती. तिच्या पाण्यावरून दोन्ही कुळांत तंटे होत. कासुर्डी-यवतकडच्या शेतकऱ्यास हे समजावून सांगावयास नको. कालव्याचे आवर्तन लांबले की सख्खे भाऊही एकमेकांकडे कसे पाहतात, हे तो जाणतो. अल्प पाण्यात तडफडणाऱ्या माशांप्रमाणे माणसे परस्परांशी झगडत आहेत, हे पाहून आपणांस भय वाटले, असे सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्तात स्वतः बुद्धच सांगतात. कोसंबींनी या वचनाचा आधार घेतला. अट्ठकथांनी रोहिणीचा तंटा बोधिप्राप्तीनंतरचा मानला आहे, म्हणून त्यांची मांडणी सर्वांनी स्वीकारली नाही. मात्र पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही बुद्धचरित्रात याच वादाला गृहत्यागाचे निमित्त मानले. शिवाय आई-वडील रडत असता त्यांच्या समक्ष आपण केस काढून घराबाहेर पडलो, असे बुद्धवचन मज्झिमनिकायात आहे. मग चोरून जाण्याचे प्रयोजन राहत नाही.

जैन समाजाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. शाक्यांच्या प्रदेशात निर्ग्रंथांचा उपदेश पोहोचला होता. वप्प नावाचा शाक्य निर्ग्रंथांचा श्रावक होता, असे अंगुत्तरनिकायात आहे. अट्ठकथा त्याला बुद्धांचा चुलता म्हणते. बोधीपूर्वीच्या तपश्चर्येत आपण केशलोच करीत होतो, हेही बुद्धांनी सारिपुत्तास सांगितले आहे. या आधारे कोसंबींचा निष्कर्ष असा की, बुद्धांनी पार्श्वनाथांचा चातुर्याम धर्म, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह, पायाभूत मानला आणि देहदंडाचा भाग वगळून त्यास समाधी व प्रज्ञेची जोड दिली. त्यांचा ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हा ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे एक कटू प्रसंग टाळता येत नाही. प्राचीन काळी श्रमण मांसाहार करीत, त्यात जैन साधूही होते, असे कोसंबींनी लिहिले. त्यावर जैन समाजात तीव्र संताप उसळला. आगमांतील त्या शब्दांचे अर्थ वनस्पतिवाचक आहेत, असे जैन पंडितांनी प्रतिपादन केले. कोसंबी आपल्या मतावरून हटले नाहीत. हा वाद आजही पुरता मिटलेला नाही आणि स्मरणिकेच्या पानावर तो मिटविण्याचा आव आणणे योग्य नव्हे. परंतु ज्या विद्वानास त्या काळी जैनद्वेष्टा ठरविले गेले, त्याने आयुष्याचा शेवट कसा केला, हेही सांगितले पाहिजे.

शरीर आजारांनी खचले, सेवा घेण्याखेरीज काही उरले नाही, तेव्हा कोसंबींनी पार्श्वनाथांच्या परंपरेतील मार्ग निवडला. १९४६ मध्ये त्यांनी आरंभिलेले अनशन गांधीजींच्या आग्रहामुळे थांबले. पुढे सेवाग्राम येथे त्यांनी पुन्हा अन्नत्याग केला आणि ४ जून १९४७ रोजी शांतपणे देह ठेवला. गांधीजी तेव्हा दिल्लीत होते. प्रार्थनासभेत त्यांनी या मृत्यूचा आदराने उल्लेख केला. देहाचे दहन करावे की दफन, याविषयी कोसंबींचे सांगणे एवढेच होते की, ज्यात खर्च कमी ते करावे.