196 विरुद्ध शून्य, तरीही प्रस्ताव पडला

आज बोलायचंय सर्वोच्च न्यायालयाबद्दल. सरकारला जाब विचारायचा तर आपण तिथं जातो. पण तिथल्या न्यायाधीशांना जाब कोण विचारणार?

11 मे 1993 चा दिवस आठवा. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव लोकसभेत मतदानाला आला होता. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना निवासस्थानाच्या सजावटीवर सरकारी पैसा उधळला, असे आरोप होते. चौकशी समितीचे अध्यक्ष होते आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत. समितीनं 14 पैकी 11 आरोप सिद्ध धरले.

आणि मतदानात काय झालं? प्रस्तावाच्या बाजूनं 196, विरोधात शून्य. तरी प्रस्ताव पडला! कारण सत्ताधारी काँग्रेसचे खासदार सभागृहात बसून राहिले, पण मत दिलंच नाही. असे तटस्थ राहिले 205 जण. आता घटनेचं कलम 124 नुसतं दोन तृतीयांश मतांवर थांबत नाही. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतंही लागतात. ती मिळाली नाहीत. रामस्वामी 1994 मध्ये रीतसर निवृत्त झाले. आजवर सर्वोच्च न्यायालयाच्या एकाही न्यायाधीशाला या मार्गानं काढता आलेलं नाही.

म्हणजे मग ही अट सैल करायची का? मला तसं वाटत नाही. आणीबाणीत, 1976 साली, न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे सरकारच्या विरोधात उभे राहिले. पुढच्याच वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं. पण त्यांना न्यायाधीशपदावरून काढणं सरकारला सोपं नव्हतं. न्यायाधीशाच्या खुर्चीला हे कुंपण हवंच.

अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे एक टोक आहे, दुसरं टोक आहे, मधलं काहीच नाही. एकतर घरी पाठवा, नाहीतर गप्प बसा.

मधली वाट काढायचा प्रयत्न झाला. 1995 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांविरुद्ध वकिलांनी ठराव केले आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अंतर्गत चौकशीची कल्पना मांडली, आणि 1999 मध्ये तशी पद्धत स्वीकारली. चांगलं झालं. पण इथं न्यायाधीशच न्यायाधीशांची चौकशी करणार, आणि अहवाल लोकांपुढं ठेवायचं बंधन नाही. आपलेच दात, आपलेच ओठ! आरोप खोटा असेल तर त्या न्यायाधीशाच्या नावावरचा डाग पुसला जात नाही. खरा असेल तर आपल्याला कळत नाही.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. चौकशी न्यायाधीशांनीच करावी, हरकत नाही. पण निष्कर्ष आणि त्याची कारणं, तक्रारदाराचं नाव झाकून का होईना, जाहीर व्हावीत. 2019 मध्ये सरन्यायाधीशांचं कार्यालय माहिती अधिकाराच्या कक्षेत येतं, असा निकाल याच न्यायालयानं दिला. त्यानं काही आभाळ कोसळलं नाही. आपल्या प्रत्येक निकालामागची कारणं लिहून देणाऱ्या संस्थेला हे जड जाऊ नये.

तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.